चोरी नव्हे, गहाळ

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घ्यायला ज्या बसत, त्यांना सगळं ठाणं नुसतं ‘बाई’ म्हणायचं. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान ठाण्याच्या अगदी समोर, त्यामुळे एकोणीस वर्षं मी त्यांना रोज पाहत आलो. अंगाने सडपातळ, आणि आवाज असा की रडत आलेलं माणूस दोन मिनिटांत शांत व्हावं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पलीकडच्या गल्लीत थोरल्या बहिणीकडे दोन खोल्यांत राहायच्या. ताईने त्यांना शिकवलं, नोकरीला लावलं, आणि धाकटीची पन्नाशी उलटली तरी तिचा डबा ताईच भरून द्यायची.

चार वर्षांपूर्वी ठाण्यात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. कुणावर आवाज चढवायचा नाही. त्यांनी भिंतीवर फळा लावला आणि त्यावर दर महिन्याचे गुन्हे लिहायला सुरुवात केली. आकडा खाली आला पाहिजे, असा वरून हुकूम होता. चोर पकडायला माणसं नव्हती. गस्तीला चौघे, त्यातले दोघे कायम कुणाच्या तरी बंदोबस्ताला. मग साहेबांनी बाईंना समजावलं की चोराचा हात डोळ्यांनी दिसला असेल तरच चोरी. नाहीतर वस्तू गहाळ झाली. गहाळ वस्तूचा गुन्हा होत नाही, नुसता दाखला देऊन मोकळं व्हायचं.

पहिल्या दिवशी आपण हुज्जत घातली, असं बाई मला म्हणाल्या होत्या. पुढे त्यांनी स्वतःची समजूत काढली. चोरी लिहिली की माणूस सहा महिने हेलपाटे घालतो आणि हात हलवत परत जातो. गहाळ लिहिलं तर तासाभरात कागद हातात. यात खोटं काही नव्हतं. तेवढ्यावरच त्यांचं निभावलं.

माझ्याच दुकानाचं शटर उचकटून गिऱ्हाइकांची अकरा घड्याळं नेली, तेव्हा बाईंनी लिहिलं, ‘कुलूप जुने असल्याने उघडे राहिले, घड्याळे गहाळ.’ मला हसू आलं. अकरा घड्याळं एकदम गहाळ कशी होतात, असं मी विचारलं. त्या कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या, “सही करा. दाखला असला की गिऱ्हाईक तुमच्यावर संशय घेणार नाही.” मी सही केली.

दोन वर्षांत आमचा भाग शहरातला सर्वांत सुरक्षित ठरला. पेपरात छापून आलं, साहेबांचा सत्कार झाला, भाडी वाढली. मीही माडीवरची खोली चढ्या भाड्याने दिली. सुरक्षित भागाला गस्तीची गाडी कशाला, म्हणून ती दुसरीकडे गेली. लाँड्रीच्या कोपऱ्यावरचा कॅमेरा बंद पडला, तो कुणी दुरुस्त केला नाही. अर्ज केला तर उत्तर आलं, की गरज असलेल्या भागांना आधी प्राधान्य.

त्याच कोपऱ्यावर एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, ताई भाजी घेऊन येत होती. मागून लाल मोटारसायकल आली. मागे बसलेल्याने गळ्यातल्या साखळीला हात घातला. साखळी जाड, तुटली नाही. ताई आठ-दहा फूट फरफटत गेली, तेव्हा कुठे त्याने हात सोडला. लाँड्रीवालीने धावत येऊन तिला उचललं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

बाई दवाखान्यातून थेट ठाण्यात आल्या. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मी सोबत होतो. साहेबांनी आधी त्यांना खुर्ची दिली, मग सगळं ऐकून घेतलं.

“साखळी गळ्यातच आहे ना?” त्यांनी विचारलं. “मग नेलं काय? तोल जाऊन पडल्या असं लिहू.”

“ओढलं तिला, साहेब.”

“तुम्ही पाहिलंत?”

बाई उठल्या आणि कपाटातून जुन्या वह्या काढून बसल्या. संध्याकाळपर्यंत पानं उलटत होत्या. चौदा महिन्यांत त्याच कोपऱ्यावर नऊ बायकांच्या साखळ्या गेल्या होत्या. वार वेगवेगळे, पण वेळ सकाळची, आणि कागदावर न उतरलेली मोटारसायकल बाईंच्या आठवणीत दर वेळी लाल. नऊही ठिकाणी ‘गहाळ’, नऊही ठिकाणी बाईंचंच अक्षर. ती पानं कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिलीच नव्हती. गहाळ वस्तूंचा तपास कोण करतो?

दुसऱ्या दिवसापासून बाई त्या नऊ घरांचे उंबरठे झिजवू लागल्या. पुन्हा तक्रार द्या, मी नीट लिहून घेते, म्हणत. नऊ जणींतली एक लाँड्रीवालीच होती. इस्त्री न थांबवता ती म्हणाली, “तेव्हा मी चोरी म्हणत होते, तुम्ही गहाळ म्हणालात. घरच्यांनी मला वेंधळी ठरवलं. सासू अजून कपाटाची किल्ली हातात देत नाही. आता गहाळच असू दे.”

बाकीच्यांनी दारातूनच वाटेला लावलं. शेवटी घड्याळांची तक्रार पुन्हा मागायला बाई माझ्याकडे आल्या. मला माडीवरच्या खोलीचं चढं भाडं आठवलं. “जुनं उकरून काय होणार आहे, बाई?” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि निघून गेल्या. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी एकट्यानेच वरच्या कचेरीत निवेदन दिलं. किती चोऱ्या आपण गहाळ म्हणून लिहिल्या, कुठल्या पानावर, सगळं खुलासेवार. चौकशी झाली. अक्षर बाईंचं, सही बाईंची, आणि साहेबांचा लेखी हुकूम कुठेच नाही. नोंदी खोट्या केल्याबद्दल बाईंना घरी बसवलं. साहेब बढतीवर गेले. त्या मोटारसायकलवाल्यांना कुणी शोधलं नाही, कारण कागदोपत्री ते कधी आलेच नव्हते.

मागच्या महिन्यात मी ताईला बघायला गेलो. ती आता अंथरुणालाच खिळली आहे. तिचं सगळं बाईच करतात. बाई आत भाजी चिरत होत्या. मधे फक्त पडदा होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, की धाकटीने तुमच्यासाठी नोकरीवर पाणी सोडलं.



“माझ्या आधी नऊ जणी झाल्या होत्या,” ताई म्हणाली. “रोज रात्री आम्ही एका ताटात जेवायचो. एकदा बोलली असती, तर मी त्या रस्त्याने गेलेच नसते.”

आतला सुरीचा आवाज थांबला. थोड्या वेळाने बाई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या, ताईच्या मानेखाली हात घालून तिला पाणी पाजलं, उशी सारखी केली आणि परत आत गेल्या. ताईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. चौकशीचा कागद घरी आल्यापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही, हे मला खाली उतरताना शेजारणीकडून कळलं.