ब्राझीलचा मामा

ब्राझील आणि अर्जेंटिना हे शेजारी देश आहेत, हे बायडाबाईला लेकीच्या भूगोलाच्या पुस्तकात दिसलं. "एवढे खेटून हाईत व्हय?" एवढंच ती म्हणाली आणि परत मशीनवर बसली.

पेठेतल्या खेळाडूंचे शर्ट आणि दर चार वर्षांनी लागणारे फुटबॉलचे झेंडे ती शिवायची. नवरा गणपतराव अर्जेंटिनाचा. एकेकाळचा तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, आता गुडघे गेलेला. तिचा धाकटा भाऊ जोतीराम मागच्या गल्लीत राहायचा, ती गल्ली ब्राझीलची. दोन्ही गल्ल्यांच्या मधे एक उघडी गटार. त्या देशांतला माणूस दोन्हीकडं कुणी कधी पाहिला नव्हता.

बायडाबाईला दोघांतला फरक कळायचा तो ताटावरून. अठ्ठ्याण्णव साली ब्राझील फायनल हरलं, तरी जोतीरामनं दुसऱ्या दिवशी हलगी लावून नाचून घेतलं आणि ताटभर मटण हाणलं. त्याच्या आठवडाभर आधी अर्जेंटिना हरलं होतं, तर गणपतरावांनी टीव्हीचं तोंड भिंतीकडं केलं, चार दिवस दाढी केली नाही. घरात मढं पडल्यागत. भाकरी करायची आणि झाकून ठेवायची.

दोन हजार दोन साली लेकीचं, पूर्णिमाचं, लग्न इचलकरंजीच्या घरात ठरलं. तीस जून ही तारीख गणपतरावांनीच धरली, कारण त्या दिवशी फायनल होती. "दुपारी अक्षता, संध्याकाळी कप. आपलीच टीम जाणार हाय फायनलला." दुसरी तारीख सुचवायची छाती कुणाला झाली नाही.

बारा जूनला घरी हळद दळायची होती. जात्याला हळकुंड बांधून पाच सवाष्णी बसल्या, पहिली ओवी झाली आणि बाहेरच्या खोलीत अर्जेंटिना पहिल्याच फेरीत गारद झालं. तासाभरात मागच्या गल्लीतून हलगी वाजत आली. निळ्या-पांढऱ्या झेंड्याची तिरडी, आणि पुढं मडकं धरून जोतीराम. झेंडा बायडाबाईनंच शिवलेला. हरलेल्या संघाची तिरडी त्या पेठेत निघायचीच, त्यात नवं काही नव्हतं. पण दार लग्नघराचं होतं, तेही भाचीचं, हे जोतीरामच्या डोक्यातच आलं नव्हतं. दारातून जातं दिसलं, हिरव्या चुड्यांच्या बाया दिसल्या, तेव्हा तो जागीच थिजला. हलगी मात्र वाजतच राहिली.

"ह्यो तमासगीर मामा म्हणून माझ्या पोरीच्या मागं उभा राहणार न्हाय," गणपतराव म्हणाले आणि आत जाऊन पडले.

मामाशिवाय पोर बोहल्यावर कशी जायची? पूर्णिमा रात्रंदिवस रडू लागली. बायडाबाई गटार ओलांडून पंधरा दिवस इकडून तिकडं करत राहिली.

"माफी मागतो की आक्का. चुकलंच माझं," जोतीराम म्हणायचा. "पर दाजी सगळ्या गल्लीसमोर मला तमासगीर म्हणलं. ते माघारी घेऊ देत."

"अरं, पोरीचं लगीन हाय का लीगची मॅच हाय?"

घरी आली की गणपतराव भिंतीकडं तोंड करून पडलेले. "अवं, निदान तिच्याकडं बघा." ते कूसही बदलायचे नाहीत. आमंत्रणं, रुखवत, बस्ता, सगळं तिच्याच अंगावर. पाय सुजले होते. बोलून बोलून जीभही सुजलीय असं तिला वाटायचं.

सव्वीस तारखेला ब्राझील फायनलला पोचलं. समोर जर्मनी. सत्तावीसला सकाळी गणपतराव उठून दाढीला बसले.

"नव्वद साली आमचा कप जर्मनीनं नेला. पेनल्टीवर," गालाला साबण फासत ते म्हणाले. "परत त्यास्नी मिळण्यापरास शेजाऱ्याच्या घरात गेलेला बरा. जोत्याला सांग, टीव्ही कार्यालयात आणतोय म्हणावं."

बायडाबाई बघतच राहिली. तिनं पंधरा दिवस घसा कोरडा केला, पोरीनं डोळे सुजवले, तेव्हा हा माणूस हलला नाही. जिचा साधा झेंडाही कधी शिवला नव्हता, त्या जर्मनीनं हलवला. हसावं की रडावं हे ठरवायलाही तिला सवड नव्हती. आहेराची लुगडी घडी करायची होती.

तीस तारखेला जोतीराम पिवळ्या शर्टावर फेटा बांधून आला. दाजींच्या पाया पडला. मंगलाष्टकं संपेपर्यंत भाचीच्या मागं ताठ उभा राहिला आणि बाहीनं डोळे पुसत राहिला. पूर्णिमाचा चेहरा उजळला. त्या दिवसात पहिल्यांदाच बायडाबाई खुर्चीवर टेकली.

साडेचारला कार्यालयाच्या मागच्या खोलीत टीव्ही लागला. सहा वाजत आले तसे व्याही अवघडून म्हणाले, "पावणं, सकाळी पहिली पाळी हाय मागावर. पोरीला लावून द्या."

ती बोलवायला गेली. दाजी-मेव्हणे मांडीला मांडी लावून बसले होते.

"पूर्णी निघाली."

"आक्का, धा मिन्टं."

"आलोच की," गणपतराव म्हणाले. मान कुणाचीच वळली नाही.

बायडाबाईनं लेकीची ओटी भरली, पदरानं तिचं तोंड पुसलं, जीपमध्ये बसवलं. "आबा? मामा?" पूर्णिमानं विचारलं. "येत्यात, येत्यात." जीप सुरू झाली आणि आतून आरोळी उठली. पाठोपाठ फटाक्यांची माळ.

माळ पाठवणीची समजून व्याही भारावले. "पोरीसाठी केवढी माया हो तुमच्या माणसांची!"

"व्हय," बायडाबाई म्हणाली, "लई माया."

जीप कोपऱ्यावरून वळली. ती पायरीवर बसली. आत दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून नाचत होते, गुडघे विसरून. अजून मांडवातल्या अक्षता झाडायच्या होत्या, भाड्याची भांडी मोजून परत द्यायची होती. थोडा वेळ ती उठलीच नाही.