मोंबासाचं बोलावणं

बोलावणं माझ्या नावानं आलं होतं, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या घरात आता कुणी ते कबूल करत नाही.

मी तेरा वर्षांची. इतवारीत बाबांची धान्याची अडत, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. माझी जिवाभावाची मैत्रीण शेजारच्याच घरातली. तिच्या वडिलांना आफ्रिकेत रेल्वेची नोकरी लागली आणि ती सगळी माणसं मोंबासाला गेली. वर्षभरानं तिचं पत्र आलं. मामा सुटीवर नागपूरला येतोय, परतताना त्याच्यासोबत ये, चार महिने राहा, आमच्या खिडकीतून समुद्र दिसतो. आठ दिवस ते पत्र मी उशाशी घेऊन झोपले.

बाबा म्हणाले, "पोरीच्या जातीले समुद्रापार कोन धाडते?" रडून झालं. पण मग तो मामा घरी येऊन चहा पिऊन गेला, आणि बाबांना वाटलं, आलेलं बोलावणं वाया कशाला घालवायचं! माझ्याऐवजी माझा धाकटा भाऊ जाणार असं ठरलं. बारा वर्षांचा. जन्मात तो तिच्याशी धड दोन शब्द बोलला नव्हता, वेणी तेवढी ओढायचा.

"तो काहून? बोलावलं मले नं?" मी आईला विचारलं.

"तुझाच भाऊ हाय नं वं, परका हाय का?" आई म्हणाली आणि त्याच्या प्रवासासाठी शेव तळत राहिली.

कहर म्हणजे, मुलगा अल्पवयीन, म्हणून बापाच्या संमतीचा इंग्रजी कागद लागत होता, आणि घरात इंग्रजी अक्षर बरं फक्त माझं. शाळेतल्या बाईंकडून मजकूर आणून तो मीच लिहिला. बाबांनी खाली सही ठोकली. मला अख्खी दौत त्यावर ओतावीशी वाटली. भाऊ नवा कोट घालून आरशापुढे मिरवत होता. "ताई, तुले काय आणू वं?"

"बोटीवर ओकून ओकून अर्धा हो, तेवढं पुरे," मी म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं.

मेला ठणठणीत पोहोचला. पोहायला शिकला. तिनं शिकवलं म्हणे! बाबा आल्यागेल्याला त्याची पत्रं वाचून दाखवत आणि आत माझा नुसता जळफळाट होई.

चार महिन्यांनी तो आला तो तिचं पत्र घेऊन. "तुला बोटीची भीती वाटली म्हणून तू त्याला पाठवलंस, असं त्यानं सांगितलं. मी तुझ्यासाठी माझ्याशेजारी खाट लावून ठेवली होती गं. तू इतकी भित्री असशील असं वाटलं नव्हतं."

मी भावाचं बखोट धरलं. "मी भ्याले? कवा रे?"

"बाबानंच तसं सांगाले लावलं," तो म्हणाला. "पोरगी म्हणून धाडली नाही म्हटलं तर तिच्या बापाले लागंल. त्यानं सोताची पोरगी नेली नं समुद्रापार."

त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले. घरातून जाणारं प्रत्येक पत्र बाबा वाचूनच टपालात टाकत, आणि ते समोरच बसले होते. मी लिहिलं, "होय, मला भीती वाटली." बाबांनी वाचलं, घडी घातली, म्हणाले, "शहानी हाय माही पोरगी."

तिचं पुढचं पत्र भावाच्या नावानं आलं.