दौलूचं घासलेलं मेडल

वडूजच्या मेळाव्यात मी एका मेलेल्या माणसाला त्याच्या लेकीसमोर गाढव म्हणालो. हेतू वाईट नव्हता. अंगात नुकतीच विद्या शिरली होती, एवढंच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नायब सुभेदार होतो आणि नोकरीची शेवटची वर्षं उरली होती. साताऱ्यात जुन्या लढायांच्या वस्तूंचं छोटं म्युझियम उभं राहत होतं, तिथं माझं पोस्टिंग झालं. घर साताऱ्यातच. बायको म्हणाली, "आयुष्यभर बॉर्डर राखलीत, आता कपाटं राखा."

पहिल्याच आठवड्यात इन्स्पेक्शन होतं. ट्रेमध्ये इंग्रजी, इटालियन, जर्मन मेडलं आणि बिल्ले काळवंडून पडले होते. फौजीला काळं पितळ दिसलं की हात आपोआप ब्रासो पॉलिशच्या डब्याकडे जातो. मी निम्मा ट्रे लखलखीत केला. कॅप्टनसाहेब आले, बघितलं आणि खुर्चीत बसले.

"साब, ये क्या किया?"

"सर, चमकाया."



मग मला शिकवायला तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी येऊ लागले. युरोपातली मेडलं जमवायचा त्यांना नाद होता. जर्मन क्रॉसचा गाभा लोखंडी असतो, त्याला लोहचुंबक लावायचं. चिकटला नाही तर बहुधा नकली. फीत जुनी का नवी, ते धाग्यावरून कळतं. आणि पहिल्या महायुद्धाचं इंग्रजी चांदीचं मेडल आलं तर राजाचं तोंड बघत बसायचं नाही, कड बघायची. कडेला बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते.

"नाव गेलं की नुसती चांदी उरली," ते म्हणायचे. "मग ते आपण घ्यायचं नाही, सोनारानं घ्यायचं. आणि काळेपणाला हात लावायचा नाही, सुभेदार. तुम्हाला तर मुळीच नाही."

एवढ्या भांडवलावर मी वडूजला टेबल मांडून बसलो. माजी सैनिकांच्या घरांतून जुनी मेडलं यायची, मी भिंगातून बघून सांगायचो. लढाईत पडलेल्या जवानाचं मेडल मिळालं तर त्याला म्युझियमच्या काचेच्या पेटीत मानाची जागा द्यायची, असा हुकूम होता.

दुपारी तानूबाई आल्या. वय सत्तरीच्या आसपास. पदराची गाठ सोडून त्यांनी सारखीच दिसणारी दोन चांदीची मेडलं टेबलावर ठेवली.

"एक माझ्या आबाचं, म्हंजे बाचं. एक दौलूकाकाचं. दोगं भाऊ फ्रान्सच्या लढाईत गेलते. आबा आला, काका तिकडंच ऱ्हायला. मला पोरबाळ न्हाई. भाचा पुण्याला कंपनीत, त्येला ह्यातलं काय ठावं? काकाचं तेवढं तुमच्या पेटीत बसवा. माझ्यामागं त्येला कोन हळद-कुकू लावनार?"

एक मेडल काळंकुट्ट होतं. कड फिरवली, नाव स्वच्छ: गणू, म्हणजे बाईंचे वडील. दुसरं चकचकीत. राजाचं नाकसुद्धा झिजलेलं. कड बोटाला गुळगुळीत लागली, एक अक्षर नाही.

"हे कुणीतरी गाढवानं घासून घालवलंय," मी म्हणालो.

"आबा घासायचा," तानूबाई म्हणाल्या. "दर खंडेनवमीला. तलवारीबरं पाटावर मांडायचा. म्हातारा हुईस्तवर दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाई."

"आणि हे काळं?"

"त्ये त्येचं सवताचं. कवा डब्यातनं भाईर काडलं न्हाई."

मी भिंग खाली ठेवलं. कुठलं कुणाचं, आता विचारायला नको होतं.

बाईंच्याही ध्यानात आलं. "म्हंजे काकाचं नाव आबानंच घालवलं?"

"व्हय, मावशी. पन चमकावं म्हणून. मीबी साताऱ्याला निम्मा ट्रे घासलाय."

"मंग तुमीबी गाढवच की."

"व्हय," मी म्हणालो.

शेजारच्या ऑफिसातून साताऱ्याला फोन लावला.

"सर, दो भाई. एक का नाम है, दूसरे का घिस गया. घिसा हुआ शहीद का है."

"प्रूफ?"

"सर, घिसा हुआ है, यही प्रूफ है."

 मग आवाज आला, "नाम नहीं तो पेटी नहीं. चाहो तो दूसरा ले लो. क्लियर?"

"क्लियर, सर."

बाहेर येऊन बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आबा जित्ता आला. त्येला कशाला काचंत?" दोन्ही मेडलं पुन्हा गाठीत गेली. "तुमी वळखलं न्हवं काकाला? तेवढंच बास." आणि त्या एसटी गाठायला निघाल्या. थांबा म्हणावं, असं माझ्या हातात काही नव्हतं.

पुढच्या वर्षी कॅप्टनसाहेबांची बदली झाली. नवे मेजरसाहेब आले. मी सगळी हकीकत पुन्हा मांडली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ले आओ." दुसऱ्याच दिवशी मी बाईंच्या गावची गाडी धरली.

तानूबाई दिवाळीआधीच गेल्या होत्या. पुण्याचा भाचा घर आवरायला आला होता. मी म्युझियमचा म्हटल्यावर त्यानं पत्र्याचा एक डबा पुढं केला. आत काळं मेडल.

"आणि चकचकीत?"

"आत्यानं सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला. "काकाला कुठं जागा झाली न्हाई, माझ्यासंगं येऊ दे म्हणाली. सरणावर ठेवताना मुठीत दिलं तिच्या."

काकाला पेटीत जागा झाली होती, ते मी त्याला सांगितलं नाही. चहा घेतला आणि डबा घेऊन निघालो.

म्युझियमच्या पेटीत आता गणूचं मेडल आहे, तसंच काळं. त्याच्या शेजारी हिरव्या बनातीवर तेवढीच जागा मी रिकामी ठेवली आणि खाली कार्ड लावलं: शिपाई दौलू, फ्रान्स. बघणारे विचारतात, इथलं मेडल कुठं गेलं? मेजरसाहेबांनीही विचारलं होतं. मी सांगितलं. ते कार्ड राहू द्या म्हणाले.

एका रविवारी बायकोला दाखवायला नेलं. बाकीच्या पेट्यांपुढून ती भराभर गेली, त्या रिकाम्या जागेपुढं मात्र थांबली. निघताना म्हणाली, "हे बरं केलंत. ह्याला आता तुमचं ब्रासो लागणार नाही."