गिअरची मूठ

कोथरूडला पार्किंगमध्ये आज आईच्या जुन्या गाडीच्या गिअरची मूठ, नवी बसवायची म्हणून, फिरवून काढली, खालचं फाटलेलं रेक्झिनचं कव्हरही काढलं. उघड्या दांड्यापाशी ग्रीसचा जुना वास आला आणि मी पुन्हा लहान होऊन मागच्या सीटवर जाऊन बसले.

आई तेव्हा गाडी शिकत होती. प्रत्येक गिअरला बाबांचा हात तिच्या हातावर. टेकडीच्या रस्त्यावर तिनं गाडी थांबवली, मूठ काढली आणि बाबांच्या हातात दिली. "अहो, ही धरून बसा. गाडी मी चालवते."

तेव्हा मला ते भांडण वाटलं होतं. आज तो उघडा दांडा तळहाताला टोचला आणि आठवलं, आई घरापर्यंत गुणगुणत होती.

"थांब, मी बसवतो," नवरा खिडकीतून म्हणाला.

जुनी मूठ मी त्याच्या हातात ठेवली.