चावून माल्ट ओळखणाऱ्या काकू

अमेरिकेत ईडन प्रेरीतल्या आमच्या शेजारच्या काकू गॅरेजमध्ये बीअर बनवायच्या आणि पिशव्यांवर नावं लिहिणाऱ्याला कच्चा समजायच्या. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. कुठल्या पिशवीत कुठला माल्ट आहे, हे त्या चार दाणे चावून सांगत. "लेबल दुकानदाराला लागतं गं. आपल्याला नाक दिलंय ना देवानं?"

त्यांचा खरा हातखंडा बदलीच्या माल्टचा. दुकानातला इंग्लिश माल्ट संपला की बाकीचे हौशी लोक बेत कॅन्सल करत. काकू साधा अमेरिकन माल्ट घेत, त्यात थोडा जास्त भाजलेला म्युनिक माल्ट मिसळत आणि ती खरपूस चव जवळजवळ तशीच आणत. आम्हाला फरक कळत नसे. काकांना कळे. पहिल्याच घोटाला कपाळावर आठी: "आज बॉडी कमी पडली, पातळ लागतेय." मग दोघांची जी जुंपे, ती जेवणं होईपर्यंत. त्या भांडणासाठीच काकू एवढा खटाटोप करतात, असं मला वाटायचं.

मग एका तापात काकूंना वास येईनासा झाला, तो परत आलाच नाही. डॉक्टरांनी हात टेकले. "येईल गं, जातोय कुठे!" म्हणत काकूंनी उन्हाळ्यात पुन्हा भांडं चढवलं. इंग्लिश माल्ट तेव्हाही मिळाला नव्हता. त्यांनी सवयीनं दाणे चावले, मान डोलावली आणि साध्या माल्टच्या जागी धुरावर वाळवलेल्या माल्टची पिशवी रिकामी केली. दिसायला दोन्ही सारखेच.

बीअर तयार झाली तेव्हा आम्ही बॅकयार्डमध्ये बसलो होतो. चुलीचा धूर प्यायल्यासारखं वाटलं. मी ग्लास खाली ठेवला. काकांनी मात्र पूर्ण संपवला.

"मस्त झालीय. एकदम परफेक्ट!"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "अहो, इतक्या वर्षांत एकदा तरी मस्त म्हणालात? आता मी पेशंट झाले का तुमची?"

काकांचे डोळे भरून आले. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

काकूंनी सगळी भांडी देऊन टाकली. पुढे दोघं मुलीकडे रेडमंडला गेले. मी अधूनमधून फोन करते. तिकडच्या पावसाबद्दल बोलून होतं, नातवाबद्दल बोलून होतं. परवा मात्र काकूंनी मध्येच विषय बदलला.

"काल माझी आमटी पार करपली होती म्हणे. मुलीनं सांगितलं म्हणून कळलं," त्या म्हणाल्या. "हे आपले निमूटपणे दुसऱ्यांदा वाढून घेत होते."