ठमीने उचललेला पाय

ठमीला बोईसरला न्यायचं मी रागाच्या भरात ठरवलं. ठमी माझी पॉइंटर कुत्री. वय सात, रंग पांढरा, अंगावर गुळाच्या रंगाचे ठिपके. ज्यांच्याकडून ती आणली त्या गृहस्थांनी "भित्री आहे, कामाची नाही" म्हणत तिला पिल्लू असतानाच माझ्या गळ्यात मारली होती. त्यांचाच फोन आला. "बोईसरजवळ फील्ड ट्रायल आहे. तुम्ही काय येणार म्हणा, पण कानावर घातलं." त्या 'काय येणार म्हणा'ने माझं डोकं फिरलं. ठमीचा मागचा पाय हल्ली थंडीत आखडतो, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. मी नाव नोंदवून टाकलं.

ट्रायलमध्ये बंदूक नसते आणि शिकारही नसते. गवतात छोट्या पिंजऱ्यांतून पाळलेले लावे लपवतात. कुत्र्याने वासावरून पक्षी हुडकायचा आणि तिकडे नाक रोखून, एक पाय उचलून, जागच्या जागी थिजायचं. याला पॉइंट म्हणतात. मग मालकाने पुढे होऊन गवत हलवायचं. तिथे पक्षीच नसला तर तो खोटा पॉइंट, आणि कुत्रा बाद.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असा रस्ता धरा. आम्हाला थांबत-थांबत पाच तास लागले. जव्हारपर्यंत वळणं आणि खड्डे यांची चढाओढ आहे, पण दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं गवत इतकं देखणं की शिव्या घालायचं राहून जातं. बोईसरला शिरताना मात्र काचा लावून घेतल्या. कारखान्यांच्या वासाने ठमी शिंकत सुटली, आणि आमची सगळी भिस्त त्या नाकावर. चहाच्या टपरीवर पाळी संपवून आलेला एक कामगार तिच्यासमोर उकिडवा बसला. "मैडम, ये काटती है?"

"नहीं, डरपोक है," मी सवयीने बोलून गेले. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

मुक्काम बोईसरजवळच्या, किनाऱ्यावरच्या माहीम गावात, विड्याच्या पानांच्या एका वाडीत. कुत्र्यासकट राहू देणारी जागा मिळणं महाकठीण, म्हणून सांगते: दोघींचे जेवणासह बाराशे. यजमानीण काकींची अट एकच होती.

"कुत्रीला पानवेलीत सोडू नको हं. तिथं आमी पन चपला घालून जात नाय."

रात्री तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी. ठमीला काकींनी न विचारता भात कालवून दिला.

सकाळी बेटेगावच्या पुढच्या माळावर पोचलो. अर्ध्या माळावर गवत कापायला आलेल्या बायका होत्या, अर्धा आमच्यासाठी राखलेला. पाचजणांनंतर आमचा नंबर लागला. ठमीने चार मिनिटांत पहिला पिंजरा हुडकला आणि परीक्षकांनी मान डोलावली. मला आनंद मावेना. अजून एक मिळाला की प्रमाणपत्र, आणि ते मी तिथे बघायला आलेल्या त्या गृहस्थांच्या नाकासमोर धरणार होते.

कापलेलं गवत जिथे संपत होतं तिथे एका झुबक्याशी ठमी पुन्हा थिजली. झुबक्याच्या टोकाला कुणीतरी गाठ मारून ठेवली होती. मी ती पाहिली. पोरांचा खेळ असेल, असं मनात आलं. बुटाने आजूबाजूचं गवत हलवलं, पण काही उडालं नाही. परीक्षकांनी हातातला कागद पाहिला. "इथे पिंजरा नाही, मॅडम. खोटा पॉइंट."

मागून ते गृहस्थ हसले. "मी सांगितलंच होतं."

त्यांच्यावरचा सगळा राग मी ठमीवर काढला. पट्टा धरून ओढलं तरी ती हलेना. तेव्हा मी तिच्या नाकावर चापट मारली. सात वर्षांत पहिल्यांदा, आणि तीही चारचौघांत. तिने उचललेला पाय हळूच खाली ठेवला.

गवत कापणाऱ्यांतली एक बाई विळा घेऊन तरातरा आली. "बाई, कुत्रीला मारलंस कशाला?"

"उगाच उभी राहिली."

"उगाच? ये, बघ."

तिने दोन बोटांनी झुबका बाजूला केला. आत मुठीएवढी रानातली लावरी अंड्यांवर बसली होती. हलली नाही, फक्त डोळा फिरवला.

"अंडी टाकून उठत नाय ती, पायाखाली आली तरी. म्हनून आमी गाठ मारतो. गाठ दिसली का तिथं विळा चालवायचा नाय. तुला गाठ दिसली नाय?"

"दिसली होती," मी म्हणाले.

"मग?"

परीक्षकांनी वाकून पाहिलं, हळहळले आणि म्हणाले, की नियमात पिंजऱ्यातलाच पक्षी धरतात. त्या गृहस्थांनीही पाहिलं. "नाक आहे हो हिला," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी सात वर्षं थांबले होते. ते ऐकताना मला ठमीकडे बघवत नव्हतं. तिला कामाची नाही म्हणणारा माणूस एका क्षणात बदलला, आणि मार मात्र तिने तिची बाजू घेऊन इथवर आलेल्या माझ्याच हातचा खाल्ला.

परतताना ठमी पुढच्या सीटवर आली नाही, मागे बसून राहिली. जव्हारला तिच्यासाठी ऑम्लेट घेतलं, तेही तिने हुंगून सोडलं.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. गवत सोनेरी असतं, माणसं भली आहेत, काकींची वाडी सुरेख आहे. फक्त कुत्रं उभं राहिलं तर कागद नंतर बघा.

गेल्या रविवारी घरामागच्या माळावर ठमी चालता चालता थबकली. नाक ताणलं, पुढचा पाय अर्धा उचलला. मग मान वळवून तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात पटकन पाठीमागे लपवला. तिने पाय खाली ठेवला आणि मुकाट्याने माझ्या मागे येऊन उभी राहिली.