सलूनवाल्याचा उजवा खांदा

सलूनवाल्याचा उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा दोन महिने त्याने कुणाला पत्ताच लागू दिला नाही. एकवीस वर्षं त्या हातात कात्री होती. आता हात गिऱ्हाइकाच्या कानापाशी नेला की खांद्यात कळ यायची आणि तो दात आवळून उरलेले केस कापायचा. एकदा कात्री सुटून एकाच्या मांडीवर पडली. तो माणूस परत आला नाही.

शेवटी बायकोनेच त्याला फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेलं. बाईंनी हात बाजूने हळूहळू वर न्यायला लावला. अर्ध्या वाटेवर कळ उठली. हात कानाला टेकला तेव्हा गायब.

"मग नक्की दुखतं कुठे?" बायकोने विचारलं.

"मधेच," बाई म्हणाल्या. "दंडाच्या हाडाचा गोळा एका उथळ बशीत असतो. चार लहान स्नायू त्याला जागेवर धरतात. त्यातल्या एकाची दोरी हाडाच्या छपराखालून जाते. हात मधल्या उंचीवर आला की ती चिमटते. शिवाय हाताबरोबर पाठीवरचं चपटं हाडही फिरायला हवं. यांचं जागचं हलत नाही."

"माझं सगळं कामच मधल्या उंचीवर आहे," तो वैतागला. "लोकांची डोकी काय काढून खाली ठेवू?"

"खुर्ची खाली करा. कोपर अंगाजवळ राहील."

खुर्चीचा पंप सहा वर्षांपासून वरच अडकलेला होता. वाकावं लागत नाही म्हणून त्याला तेच बरं वाटायचं. सुट्टीच्या दिवशी डाव्या हाताने पाना फिरवत, पंपाच्या नावाने बोटं मोडत त्याने तो सोडवला. कोपर खाली आलं, पण दुपारपर्यंत कंबर धरली.

"खांद्याचं दुखणं कमरेला दिलं बाईंनी," तो घरी येऊन म्हणाला.

"मग बसून काप," बायको म्हणाली आणि चाकांचं स्टूल घेऊन आली. त्यावर बसून तो गिऱ्हाइकाभोवती गरागरा फिरू लागला. लोक हसायचे, त्याला ते झोंबायचं.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे सकाळी भिंतीवर बोटं चढवायची, रबरी पट्टा ओढायचा. हे सगळं तो कुरकुरत, पण न चुकता करायचा. चार महिन्यांनी दुपारपर्यंतचं काम विनाकळ व्हायला लागलं. त्यानंतर मात्र खांदा ऐकत नाही. आता दुकान चारला बंद होतं. कुणी कारण विचारलं तर तो नुसता खांद्याकडे बघतो आणि खुर्ची पुसायला लागतो.